खोटा तडा

शेवटच्या टप्प्याच्या शेवटच्या चढावर इम्तियाज मुल्ला सायकल बरोबरीला आणून म्हणाला, "सुज्या, तुझं पुढचं वाजतंय. लाल हाय."

सुजय निकमनं मान वळवली नाही. अंगात पिवळी जर्सी होती, म्हणजे सहा टप्प्यांचा हिशेब धरून तो पहिला होता. इम्तियाज दुसरा. दोघांत अर्ध्या मिनिटाचंही अंतर नव्हतं. तिसरा, बंगळुरूचा कार्तिक, काही मिनिटं मागे होता. आता फक्त हा चढ, मग वरचा सपाट सडा, आणि सड्यावरून कोयनेच्या पाण्यापर्यंत सरळ खाली उतरणारी दगडांची वाट. खाली पोचलं की रेस संपली.

"ऐकतोयस का? लाल. पुढं."

"ऐकलं."

"मग उतर की."

"वर गेल्यावर बघू."

इम्तियाज पुन्हा मागे गेला. सुजय मनातल्या मनात हसला. त्याला वाटलं, लागला गळाला. सात दिवसांत शेवटी हा पण लागला.

आता इथं थोडं थांबून सांगायला लागेल, नाहीतर तो का हसला ते कळणार नाही.

धातू एकदम तुटत नाही. आपल्याला वाटतं, चालता चालता खटकन तुटला. तसं नसतं. आधी आत कुठंतरी केसाएवढा तडा जातो. प्रत्येक दणक्याला तो थोडा पुढं सरकतो, आणि सरकताना आवाज करतो. खूप बारीक, खूप चढा आवाज, माणसाच्या कानाला न कळणारा. पवनचक्क्यांची देखभाल करणारे लोक हा आवाज बऱ्याच वर्षांपासून पकडतायत, कारण दांडा तुटून पडल्यावर कळण्यात काही अर्थ नसतो. चक्कीच्या पोटात मायक्रोफोन लावतात, कॉम्प्युटरला हजारो तड्यांचे आवाज ऐकवून ठेवलेले असतात, आणि तो सांगतो, हा बोल्ट अजून महिनाभर टिकेल, तो टिकणार नाही.

२०३१ च्या आसपास हे यंत्र बोटाच्या पेराएवढं झालं आणि सायकलच्या हँडलवर बसलं. सगळे त्याला कान म्हणतात. स्वतःच्या सायकलचा आवाज तो धातूतून घेतो. शेजारच्या सायकलचा हवेतून, पण त्यासाठी दोन-तीन हातांच्या आत असावं लागतं. छोट्या पडद्यावर रंग दिसतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे काहीतरी मोडेल, वेळ जाईल, माणूस वाचेल. लाल म्हणजे असं काहीतरी मोडेल की माणूस पडेल. सोबत एक बाण. पुढं किंवा मागं.

आयोजकांनी कान सक्तीचा केला तो जीव वाचावा म्हणून. नियम साधा केला. दुसऱ्याचं लाल ऐकू आलं तर सांगायचंच. पिवळं ऐकू आलं तर तुमची मर्जी.

इथंच सगळं फिसकटलं.

त्याआधी या रेसमध्ये एक रीत होती. पिवळ्या जर्सीवाल्याची सायकल बिघडली की मागचे पळत नाहीत. चेन तुटली, पंक्चर झालं, काहीही. तो नीट करून निघेपर्यंत पाय टेकून उभं राहायचं. हे नियमपुस्तकात नाही. पहिल्या वर्षी पाटणच्या दोन पोरांनी केलं, मग सगळे करायला लागले. पुढच्याला पायांनी हरवायचं, त्याच्या पंक्चरनं नाही, एवढंच.

कान आल्यावर रीत कुणी मोडली नाही. फक्त घाई सुरू झाली. पुढच्याचं मागचं चाक पिवळं वाजतंय म्हणजे तासाभरात काहीतरी मोडणार. मग मोडायच्या आधीच पळायचं. मोडल्यावर पळणं वाईट, आधी पळण्यात काय वाईट? तेव्हा तर सायकल चांगली असते. मोडली की मैलभर पुढं पाय टेकून उभं राहायचं, सभ्यपणे, आघाडी खिशात घालून.

ह्यावरचा उतारा दुसऱ्या वर्षीच निघाला. पुण्यातल्या कुणीतरी बनवला. शर्टाच्या बटणाएवढी चकती, सीटखालच्या नळीत आतून चिकटवायची. सायकल हलली की ती तड्यासारखा आवाज काढते. मागच्याच्या कानाला पिवळं दिसतं, तो चेकाळून पळतो, दम संपवतो, आणि ज्याची सायकल मोडणार होती तो आरामात येऊन त्याला गाठतो. हिचं नाव टिकटिक्या. या मोसमापासून टिकटिक्यावर बंदी आहे, सापडला तर वर्षभर घरी. पण नळीत हात घालून बघतो कोण?

सुजयच्या सीटखाली पहिल्या दिवसापासून टिकटिक्या होता.

कार्तिक तिसऱ्याच टप्प्यात फसला होता. पिवळं ऐकून तो असा पळाला की चढाच्या मध्यावर त्याचे पाय वळले आणि त्याचा तो टप्पा तिथंच गेला. इम्तियाज मात्र फसला नव्हता. सात दिवस तो सुजयच्या मागच्या चाकाला चिकटून होता आणि एकदाही अवेळी पळाला नव्हता. सुजय धरून चालला होता की त्याचा कान जुना असणार.

म्हणून तो हसला.

पण चढ लांब होता, आणि लांब चढावर डोकं चालत राहतं. टिकटिक्याचा आवाज पिवळा होता. आणि मागचा. इम्तियाज म्हणाला होता लाल, पुढं.

मग एक तर त्याचा कान चुकतोय. नाहीतर त्याला टिकटिक्याचं कळलंय आणि तो उलट डाव टाकतोय, म्हणजे मी घाबरून उतरावं, आणि ह्यानं जावं. नाहीतर...

तिसरं त्याला विचारात घ्यायचं नव्हतं.

त्यानं गळ्यापाशी लावलेल्या माइकवर बोट दाबलं. त्याच्या टीमचा टेम्पो खाली शेवटच्या गावात उभा होता आणि टेम्पोत लॅपटॉप घेऊन त्याची मोठी बहीण वैदेही बसली होती. एरवी ती ह्याच सड्यावरच्या पवनचक्क्यांचे आवाज तपासायचं काम करते. सुजयच्या कानाचं सगळं तिच्याकडं.

"ताई, माझं पुढचं काही दिसतंय का?"

"सगळं हिरवं. का रे?"

"इम्त्या म्हणतोय लाल आहे. पुढं."

"नाही. हिरवं आहे. पाणी पी तू."

मग थोडा वेळ नुसती खरखर.

"सुज्या."

"काय?"

"हिरवंच असणार रे. मी टिकटिक्या गाळलाय ना."

टिकटिक्या लावला तर स्वतःच्याच कानाला सतत पिवळं दिसतं, आणि पंचांच्या पडद्यावरही तसंच जातं. म्हणून वैदेहीनं सुजयच्या कानात एक गाळणी टाकली होती. त्या जातीचा आवाज आला की मोजायचा नाही. एका संध्याकाळचं काम. तिला ते आवडलं नव्हतं, पण तिनं केलं होतं, आणि नीट केलं होतं.

"म्हणजे?"

"म्हणजे आवाजाच्या त्या पट्टीतलं मी सगळंच गाळलंय. खरा तडा असेल तर तोही त्यातच गेला. मला काही दिसत नाहीये. सात दिवस काहीच दिसलेलं नाही."

"गाळणी काढ मग."

"काढली. आत्ताच काढली. इम्त्याचा कान हवेतून ऐकतो, मला मात्र धातूतून नुसता नळीला चिकटलेला टिकटिक्याच येतोय. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणी फोनवर कुजबुजतंय असं झालंय. तो बंद झाल्याशिवाय मला कळणार नाही."

टिकटिक्याला बटण नव्हतं. रिमोट नव्हता, कारण रिमोटची लहर पंचांना सापडते. तो बंद करायचा एकच मार्ग, उतरायचं, सीटची नळी उपसायची आणि तो बाहेर काढायचा. आणि इम्तियाज दोन हातांवर.

"ताई, अर्धा तास राहिलाय फक्त."

"उतार आहे पुढं."

"माहितेय."

"सुज्या, पुढचं म्हणजे स्टीअरर असेल. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची जी नळी वर हँडलला धरते ना, ती. ती गेली तर हँडल हातात येतं. उतारावर. कळतंय का तुला?"

"आणि नसेल तर? इम्त्या उगाच बोलत असेल तर?"

"इम्त्या उगाच बोलतो?"

बारावीत असताना इम्तियाजनंच त्याला हीच वाट उतरायला शिकवलं होतं. पुढं जायचा आणि प्रत्येक वाईट दगडाआधी ओरडायचा. डावं. उजवं. बूड मागं. तेव्हा सुजय त्याच्या आवाजावर डोळे मिटून उतरायचा. पण तेव्हा ते एकमेकांविरुद्ध नव्हते.

सड्यावर वारा होता. आडव्या वाऱ्यात ड्रोन उडवत नाहीत, त्यामुळं वर कॅमेरा नव्हता. जांभ्या दगडाची सपाट जमीन, वाळलेलं गवत, लांब ओळीत पवनचक्क्या. जिथून वाट खाली जाते तिथं दगडांचा एक ढीग आहे. सुजयनं तिथं ब्रेक दाबला आणि उतरला.

त्याच्या डोक्यात असं होतं की इम्तियाज पुढं जाईल. तो गेला की नळी उपसायची, टिकटिक्या झुडपात फेकायचा, काय ते बघायचं. अर्ध्या मिनिटाची आघाडी जाईल. जाऊदे. उतारावर भरून काढू.

इम्तियाज पुढं गेला नाही. त्यानंही ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

"तू जा," सुजय म्हणाला.

"येडा हायस का? पिवळी जर्सी थांबलीय."

"अरे जा की. मी नुसतं बघतोय."

"बघ ना मग. मी पण बघतो. बाजूला हो." इम्तियाजनं स्वतःची सायकल आडवी टाकली, तिच्या हँडलवरचा कान उपटून हातात घेतला आणि सुजयच्या सायकलपाशी उकिडवा बसला. "पुढचा ब्रेक धर आणि हँडल हलव. नक्की कुठं हाय ते बघू. स्टीअरर असंल तर उतरायचं न्हाय, आधीच सांगतो."

सुजय हलला नाही.

"हलव रे."

सुजयनं हलवलं. इम्तियाज कान फोर्कपाशी धरून बसला. मग वरच्या दांड्यावरून हळूहळू मागं नेला. त्याच्या कपाळाला आठी पडली. आणखी मागं नेला. सीटखाली धरला.

"इथं जास्त वाजतंय," तो म्हणाला. "इथं कसं काय?"

सुजयनं हँडल सोडलं.

इम्तियाजनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. दोघं एकमेकांना दहा वर्षं ओळखत होते, त्यामुळं सांगायला काही लागलं नाही. इम्तियाजनं खिशातून पाना काढला, सीटचा स्क्रू ढिला केला, सीट नळीसकट वर ओढली. सायकल उलटी करून हापटली. बटणाएवढी चकती जांभ्यावर पडली आणि थोडी घरंगळली.

इम्तियाजनं ती उचलली.

"कधीपासून?"

"पहिल्या टप्प्यापासून."

"सगळ्यांसाठी? का माझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"कार्तिकचे पाय वळले ते ह्यानं."

"हो."

इम्तियाज चकतीकडं बघत राहिला. ओरडला असता तर सुजयला सोपं गेलं असतं.

"सात दिवस तुझं मागचं पिवळं वाजतंय," तो म्हणाला. "मला वाटलं, ह्याच्या चाकाचं काहीतरी जाणार. रोज वाटायचं. रोज वाट बघायचो की मोडलं तर थांबायला लागंल. एकदा तरी पळालो का मी?"

"नाही."

"का न्हाय पळालो, माहितेय?"

"तुझा कान जुना असेल म्हणून वाटलं."

हे खरं उत्तर होतं. खोटं दिलं असतं तर बरं झालं असतं. इम्तियाज हसला, पण ते हसणं बघण्यासारखं नव्हतं.

त्याच वेळी सुजयच्या गळ्यापाशी वैदेहीचा आवाज आला. सीट काढल्यामुळं, सायकल हापटल्यामुळं, टिकटिक्या आता सायकलवर नसल्यामुळं तिला पहिल्यांदा नीट ऐकू येत होतं. ती एकच शब्द बोलली.

"लाल."

सुजयनं हँडलवरच्या पडद्याकडं बघितलं. लाल, पुढं. त्यानं पडदा इम्तियाजकडं वळवला.

"बघ. खरंच आहे. तू बरोबर ऐकलंस."

इम्तियाजनं बघितलं. मग स्वतःच्या हातातला कान फोर्कपाशी धरला. तोही लाल. पुढं.

"दुसरा कुठं लपवलायस?" त्यानं विचारलं.

"दुसरा नाही."

"फोर्कात घातलायस? का हँडलात? काढ."

"इम्त्या, नाही दुसरा. खरंच तडा आहे. तूच तर सांगत होतास."

"मी मघापासून सांगतोय. तेव्हा तू म्हणालास, वर गेल्यावर बघू. आता ती चकती सापडली तर लगेच खरा तडा? वा रे." तो उभा राहिला. "आता काय, मी लाल ऐकून इथं थांबायचं? तू बिचारा, म्हणून मी पण बिचारा. आणि मग तू मारायची टांग आणि सुटायचं. असंच ना?"

"असं नाही."

"मग ने खाली. खोटा असंल तर काय होतंय? ने की."

"आणि खरा असेल तर?"

इम्तियाज फोर्ककडं बघायला लागला. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं. खरा असेल तर मी ह्याला खाली ढकलतोय. खोटा असेल तर हा मला पुन्हा गंडवतोय. आणि दोन्हींतलं काय, ते सांगायला दोन यंत्रं होती आणि दोन्ही आता कामाची राहिली नव्हती.

तेवढ्यात मागून दगडांवर टायरांचा आवाज आला. कार्तिक. एवढा मागे होता, पण हे दोघं उभेच होते की. या रेसमध्ये थांबलेल्याला ओलांडताना काय पाहिजे ते विचारायचं असतं. कार्तिकनं विचारलं. त्याला मराठी फार येत नाही, पण हे दोन शब्द येतात.

"काय पाहिजे?" तो ओरडला, आणि उत्तर यायच्या आत वाटेवरून खाली गेला. रीत पाळली त्यानं, ब्रेक न लावता. सुजयला त्यात त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही.

इम्तियाजनं त्याच्या धुळीकडं बघितलं. मग सुजयकडं. अजून निघाला असता तर गाठता आलं असतं. तो निघाला नाही. जावं तर खऱ्या तड्याला टाकून गेल्यासारखं, आणि थांबावं तर पुन्हा येडा ठरल्यासारखं.

सुजयनं मग जे केलं त्याचा त्यानं फारसा विचार केला नव्हता. त्यानं सायकल ओढत दगडांच्या ढिगापाशी नेली. पुढचं चाक दोन मोठ्या दगडांच्या फटीत घट्ट अडकवलं. सीट तर नव्हतीच. तो मागं उभा राहिला, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं अंग मागं टाकून ओढलं.

"काय करतोयस?" इम्तियाज म्हणाला.

सुजयनं पुन्हा ओढलं. काही झालं नाही. चांगला फोर्क माणसाच्या ओढण्यानं तुटत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. इम्तियाजच्या तोंडावर तेच होतं. सुजयनं पाय दगडाला लावला, खाली बसल्यासारखा झाला आणि झटका दिला. एक कट् असा आवाज झाला, हा सगळ्यांना ऐकू येईल असा. आणखी एक झटका. हँडल केबलींसकट त्याच्या हातात आलं आणि तो पाठीवर पडला.

पिवळ्या जर्सीची सायकल दोन तुकड्यांत पडली होती.

इम्तियाज जवळ आला. वाकून तुटलेल्या नळीचं तोंड बघितलं. त्यात दोन रंग होते. निम्म्याहून जास्त भाग काळपट, मळका, गुळगुळीत. उरलेला चकचकीत, खडबडीत, साखरेसारखा. काळपट म्हणजे जुना तडा, दिवसेंदिवस सरकत आलेला. चकचकीत म्हणजे आत्ता, ह्या मिनिटाला तुटलेला. एवढ्याशा चकचकीत भागावर सुजय सकाळपासून बसून आला होता.

"निम्म्याच्या वर गेलाय," इम्तियाज म्हणाला.

"हो."

"उतारावर पहिल्या वळणाला गेला असतास."

"हो."

"सुज्या!" गळ्यापाशी वैदेही ओरडत होती. "काय झालं? सिग्नल गेला. बोल!"

"तुटला, ताई. मी जमिनीवर आहे. बरा आहे."

इम्तियाजनं टिकटिक्या स्वतःच्या खिशात टाकला. आपली सायकल उचलली. टांग टाकली आणि वाटेनं खाली गेला. बऱ्याच खालपर्यंत त्याच्या टायरांचा आवाज येत राहिला.

सुजय चालत निघाला. एका खांद्यावर सायकल, दुसऱ्या हातात हँडल आणि पुढचं चाक. वाट उतरायला सायकलनं जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट चालायला लागतो. मागून एकेक जण येत होता. प्रत्येक जण विचारत होता, काय पाहिजे? सुजय सांगत होता, काही नाही. दोघं-तिघं तर खरंच थांबले. एकानं हातातल्या तुकड्यांकडं बघून म्हटलं, "भावा, नशीब तुझं." त्यालाही सुजयनं हो म्हटलं.

वाटेत त्यानं हिशेब केला. टिकटिक्या इम्तियाजच्या खिशात. इम्तियाज खाली पोचला असणार. पंचांना दिला असणार. द्यायलाच पाहिजे. मी असतो तर दिला असता. मग त्याला वाटलं, मी असतो तर खरंच दिला असता का, आणि ह्याचं उत्तर शोधायच्या आत गाव आलं.

शेवटच्या रेषेपाशी वैदेही उभी होती. तिनं आधी त्याचे हात बघितले, मग कोपरं, मग डोकं. मग एक चापट मारली, फार जोरात नाही.

"गाळणी मी टाकली," ती म्हणाली.

"टिकटिक्या मी लावला."

"दोघं गाढव."

मुख्य पंच बारटक्के मॅडम मांडवात बसल्या होत्या. समोर चहा, बाजूला निकालाचा पडदा. सातही टप्प्यांची बेरीज धरून पहिला कार्तिक. इम्तियाज दुसरा, थोडक्यात. उतारावर त्यानं बरंच गाठत आणलं होतं, पण सड्यावर गेलेला वेळ गेलाच.

"ये रे, बस," मॅडम म्हणाल्या. "इम्तियाजनं सांगितलं सगळं. वाचलास बाबा."

"सगळं?"

"लाल ऐकलं, तुला सांगितलं, तू थांबलास, दगडाला लावून बघितलं तर तुटला. असंच पाहिजे. मी आत्ताच म्हणत होते, कानाचा उपयोग झाला तो हा. संध्याकाळी स्टेजवर तुम्हा दोघांना बोलवायचंय. एवढी चांगली गोष्ट आहे, लोकांपुढं यायला पाहिजे."

"आणि?"

"आणि काय?"

म्हणजे त्यानं सांगितलं नव्हतं.

मांडवाच्या दारातून वैदेही बघत होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सांगितलं नाही. तिनं हे त्याच्यावर सोडलं होतं.

"मॅडम, माझ्या सीटखाली टिकटिक्या होता," सुजय म्हणाला. "पहिल्या टप्प्यापासून. त्याच्यामुळंच मला माझा तडा ऐकू आला नाही. इम्तियाजनं तो काढला."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला कळतंय ना, ह्याचं काय होतं?"

"हो."

"आणि इम्तियाज मला का नाही बोलला?"

"ते त्याला विचारा."

"त्याला विचारलं तर त्याच्यावरही येईल. त्यानं लपवलं असं होईल."

ह्याचा विचार सुजयनं केला नव्हता. तो घाईनं म्हणाला, "त्यानं लपवलं नाही. मीच त्याला म्हणालो होतो, मी स्वतः सांगतो म्हणून."

हे खोटं होतं. मॅडमनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "ठीक. जा."

इम्तियाज पाण्याकाठी सायकल धूत होता. धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठावर चिखल सुकून भेगाळलेला. सुजय येऊन शेजारी उभा राहिला. इम्तियाज चेनवर ब्रश फिरवत राहिला.

"वर्षभर बंदी," सुजय म्हणाला.

ब्रश थांबला. "कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"का? मी तो पाण्यात फेकून दिला होता. इथंच. मघाशी."

"मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं तर विचारायचं की! येड्या, तुला वाचवायला मी तिथं उभं राहून खोटं बोललो. रेस घालवली. आयुष्यात पहिल्यांदा पंचांपुढं खोटं बोललो, आणि तू जाऊन," त्यानं ब्रश बादलीत आपटला. "कशाला बोललास?"

सुजयला नीट मांडता आलं नाही. त्यानं प्रयत्न केला.

"मघाशी वर मी म्हणालो ना, खरा तडा आहे. आणि तू म्हणालास, दुसरा कुठं लपवलायस."

"मग?"

"तेव्हा मला सायकल मोडून दाखवायला लागली. दर वेळी कुठली मोडू? पुढं कधी मी ओरडलो, तुझं पुढचं वाजतंय, तर तू थांबायला पाहिजेस."

इम्तियाजनं बादली उपडी केली. मळकं पाणी चिखलाच्या भेगांत गेलं. मग सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाला, "पुढच्या वर्षी तू असणारच न्हाईस. बंदी हाय तुझ्यावर."

"त्याच्या पुढच्या."